तत्त्वज्ञानाची पदवी आणि जोडीचा विषय

पदवीसाठी तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घ्यावा असा तुमचा विचार आहे. पण तो एकटाच घ्यावा की जोडीला आणखी एखादे शास्त्र असावे, आणि तत्त्वज्ञानाचा इतर शास्त्रांशी जो संबंध सांगितला जातो तो खरा असतो की पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेपुरता, असे तुम्ही विचारले आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय अनेक वर्षे शिकवत आल्यामुळे माझे याबाबतचे मत बरेच पक्के झाले आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. तत्त्वज्ञान अवश्य घ्यावे. मात्र त्याच्याबरोबर दुसरे एकच शास्त्र निवडून ते इतके मन लावून शिकावे, की त्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून त्यांची गणिते, त्यांचे प्रयोग किंवा त्यांचे खटले त्यांच्याच पद्धतीने हाताळता येतील. चार शास्त्रांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा एका शास्त्रात खोल उतरणे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला कितीतरी अधिक उपयोगी पडते.

न्यूटनच्या १६८७ सालच्या मुख्य ग्रंथाच्या नावातच 'निसर्गविषयक तत्त्वज्ञान' असा उल्लेख आहे, अर्थशास्त्राचा पाया घालणारा ॲडम स्मिथ ग्लासगो येथे नैतिक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, आणि १८७९ साली लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारणारा विल्हेल्म वुंट तत्त्वज्ञानाच्याच अध्यासनावर होता. हा इतिहास सर्वत्र सांगितला जातो आणि त्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की शास्त्रे एकेक करून बाहेर पडली आणि ज्यांना उत्तरेच नाहीत तेवढे प्रश्न तत्त्वज्ञानाकडे उरले. हा निष्कर्ष मला मान्य नाही. पद्धतीविषयी एकमत झाले की शास्त्र स्वतंत्र होते हे खरे. पण ती पद्धत ज्या गृहीतकांवर उभी असते ती गृहीतके मागे राहत नाहीत, ती शास्त्राबरोबरच जातात. पुरावा कशाला म्हणायचे, कारण कशाला म्हणायचे, कोणाचे हित कशाने मोजायचे, हे प्रश्न आज प्रयोगशाळेत, न्यायालयात आणि संगणकप्रणालीत शिरून बसलेले आहेत, आणि ते ओळखायचे तर तिथले काम समजावेच लागते.

एक उदाहरण थोडे सविस्तर घेतो, कारण माझ्या म्हणण्याचा बराचसा भार त्यावर आहे. आरोपीकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता किती, याचा अंदाज गुणांच्या रूपात देणारी 'कॉम्पस' नावाची संगणकप्रणाली अमेरिकेतील काही न्यायालयांत वापरली जात होती. २०१६ साली 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने फ्लोरिडा राज्यातील नोंदी तपासून दाखवले, की ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा लोकांपैकी कृष्णवर्णीयांना चुकीने 'अधिक धोक्याचे' ठरवले जाण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ दुप्पट होते. प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीचे उत्तर असे होते, की समान गुण मिळालेल्या दोन्ही गटांतील लोकांकडून पुढे गुन्हा घडण्याचे प्रमाण साधारण सारखेच आहे. म्हणजे गुणांचा अर्थ व्यक्तीच्या वर्णानुसार बदलत नाही, आणि म्हणून प्रणाली पक्षपाती नाही. एका बाजूने चुकांचे समान वाटप म्हणजे न्याय असे धरले होते, तर दुसऱ्या बाजूने गुणांचा समान अर्थ म्हणजे न्याय असे धरले होते. त्यानंतर लवकरच संशोधकांनी गणिताने सिद्ध केले, की दोन गटांमध्ये पुन्हा गुन्हा घडण्याचे मूळ प्रमाणच वेगळे असेल आणि अंदाज पूर्णपणे अचूक नसेल, तर या दोन्ही अर्थांनी न्याय्य असलेली प्रणाली बनवताच येत नाही.

गणिताचे काम इथे संपते आणि खरा प्रश्न सुरू होतो. निरपराध राहिलेल्या माणसाला धोकादायक ठरवणे आणि धोकादायक माणसाला सोडून देणे, या दोन चुकांपैकी कोणती अधिक अन्यायाची? मूळ प्रमाणातला फरक लोकांच्या वर्तनामुळे दिसतो की कोणाला अधिक पकडले जाते यामुळे दिसतो? एखाद्या व्यक्तीचे स्वातंत्र्य तिच्यासारख्या इतर लोकांच्या आकडेवारीवरून ठरवणे मुळातच कितपत योग्य? ज्याने केवळ नीतिशास्त्र वाचले आहे तो विद्यार्थी 'प्रणाली न्याय्य असली पाहिजे' असे म्हणून थांबतो, कारण दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत हे त्याला ठाऊकच नसते. ज्याने केवळ संख्याशास्त्र शिकले आहे तो एक व्याख्या घेऊन पुढे जातो आणि आपण एक नैतिक निवड केली आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. दोन्ही बाजू ज्याला कळतात असा माणूस अशा ठिकाणी लागतो, आणि तो तयार करण्याचे काम पदवीच्या काळात सुरू होऊ शकते. आंतरविद्याशाखीय अभ्यासाबद्दल जे एरवी मोघमपणे बोलले जाते, त्यातला मला पटणारा अर्थ हाच आहे.

आता जोडीच्या विषयांकडे वळतो. गणित आणि संगणकशास्त्र यांच्याशी तत्त्वज्ञानाचे नाते सर्वांत जवळचे आहे, आणि ते तर्कशास्त्रातून येते. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगेने १८७९ साली 'सर्व' आणि 'काही' या शब्दांचे काम करणाऱ्या संख्यापकांसह एक नवी चिन्हभाषा मांडली, ती अंकगणित निव्वळ तर्कातून निष्पन्न करता यावे यासाठी. १९०२ साली ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने त्याला पत्राने कळवले, की जे संच स्वतःचे सदस्य नाहीत अशा सर्व संचांचा एक संच कल्पिला तर तो स्वतःचा सदस्य आहे म्हणावे तरी विसंगती येते आणि नाही म्हणावे तरी येते. फ्रेगेच्या व्यवस्थेत हा संच मान्य होत होता, म्हणून ती व्यवस्था कोसळली. गणिताला पक्का पाया देण्याचे जे प्रयत्न त्यानंतर झाले त्यांना गोडेलने १९३१ साली मर्यादा दाखवली, आणि कोणतेही विधान दिले असता ते सिद्ध होते की नाही हे ठरवणारी यांत्रिक रीत असू शकते का, या प्रश्नाला उत्तर देताना ट्यूरिंगने १९३६ साली एका कल्पित यंत्राचे वर्णन केले. आजच्या संगणकामागची सैद्धांतिक कल्पना त्या वर्णनात आहे. दुसऱ्या वाटेने पाहिले तरी तेच दिसते: जॉर्ज बूलने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणिताच्या रूपात मांडले, क्लॉड शॅननला त्यांची ओळख पदवीच्या काळात तत्त्वज्ञानाच्या एका अभ्यासक्रमात झाली आणि १९३७ साली त्याने तेच बीजगणित विजेच्या स्विचांच्या जुळणीला लावून दाखवले.

ही नामावळी मी उपयोगाची जाहिरात म्हणून सांगत नाही. फ्रेगेला संगणक बनवायचा नव्हता. संख्या म्हणजे काय, हे त्याला जाणून घ्यायचे होते. सांगायचे इतकेच, की आकारिक तर्कशास्त्र हा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासातला ऐच्छिक भाग समजू नका. पुष्कळ विद्यार्थी चिन्हांना घाबरून तो टाळतात आणि मग तिसऱ्या वर्षी एखाद्या युक्तिवादातला नेमका दोष बोटाने दाखवता येत नाही म्हणून अडतात. विधानतर्क, संख्यापकांचा तर्क आणि निदान एक औपचारिक सिद्धतापद्धती एवढे पहिल्या दोन सत्रांत हातचे झाले पाहिजे. ते रोज थोडे सोडवूनच येते, वाचून येत नाही.

संख्याशास्त्र किंवा कोणतेही प्रायोगिक शास्त्र जोडीला घेणाऱ्याने विगामी अनुमानाच्या प्रश्नापासून सुरुवात करावी. आजवर पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्या उदाहरणांविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार काय? ह्यूमने अठराव्या शतकात हा प्रश्न विचारला. पण चार्वाकांनी अनुमान हे प्रमाण मानण्यावर घेतलेला आक्षेप याच जातीचा होता: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती भूत, भविष्य आणि वर्तमानातल्या सर्व ठिकाणी कोणी तपासली आहे? न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, या आक्षेपाला दिलेली उत्तरे आणि बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्तीने दिलेले वेगळे उत्तर वाचल्यावर कार्ल पॉपरचा १९३४ सालचा खंडनक्षमतेचा विचार, म्हणजे शास्त्रीय विधान चुकीचे ठरवता येण्याजोगे असले पाहिजे हा विचार, अधिक नीट कळतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे. हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले तेव्हा त्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांमध्येच संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. किती नमुना पुरेसा, 'लक्षणीय' म्हणजे काय, नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्धच झाले नाहीत तर प्रसिद्ध झालेल्या पुराव्याचे वजन काय उरते, यावर त्या शास्त्रात आज जी चर्चा चालू आहे ती ज्ञानमीमांसेचीच, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचे याचीच, चर्चा आहे, आणि ती समजायला दोन्हीकडची तयारी लागते.

कायद्याचे नाते वेगळ्या प्रकारचे आहे. एच. एल. ए. हार्टने १९५८ साली एक साधा नियम घेतला: उद्यानात वाहनांना मनाई आहे. मोटार आत येऊ शकत नाही हे उघड आहे. पण सायकल, चाकांचे बूट, मुलांची खेळण्यातली मोटार यांचे काय? लॉन फुलरने त्यावर विचारले, की युद्धस्मारक म्हणून चौथऱ्यावर उभी करायची लष्करी गाडी वाहन ठरते का? एवढ्याशा उदाहरणावरून, नियमाचा अर्थ त्याच्या शब्दांत असतो की हेतूत, आणि कायदा काय आहे हे कायदा काय असावा यापासून वेगळे करता येते का, असा मोठा वाद उभा राहिला. वैद्यकशास्त्रातही असेच घडते. कृत्रिम श्वसनयंत्रामुळे मेंदूचे कार्य कायमचे थांबल्यावरही हृदय चालू ठेवता येऊ लागले, तेव्हा १९६८ साली हार्वर्डच्या एका समितीने अशा अवस्थेला मृत्यू मानण्याचे निकष मांडले. मेंदूचे कार्य थांबले आहे हे उपकरणे सांगतात. पण तेवढ्याने तो माणूस मेला असे म्हणायचे की नाही, हे कोणतेही उपकरण सांगत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर ज्याला स्पष्ट दिसते तो विद्यार्थी रुग्णालयांच्या नीतिसमित्यांमध्ये, आरोग्यधोरणात किंवा विधी क्षेत्रात खरोखर काही भर घालू शकतो.

अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्याशी जोडलेले तत्त्वज्ञान ही जुनी आणि कसाला उतरलेली जोडणी आहे. ऑक्सफर्डमध्ये या तिन्ही विषयांचा एकत्रित अभ्यासक्रम १९२० पासून चालू आहे. केनेथ ॲरो याने पदवीच्या काळात तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की याच्याकडे संबंधांचे तर्कशास्त्र शिकले होते, आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा अशक्यतेचा सिद्धांत त्याच भाषेत मांडलेला आहे: तीन किंवा अधिक पर्याय असतील तर व्यक्तींच्या पसंतिक्रमांतून समाजाचा पसंतिक्रम काढण्याची अशी कोणतीही रीत नाही, जी काही मोजक्या, अगदी रास्त वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकेल. अमर्त्य सेन यांचे काम या सिद्धांतापासून पुढे जाते आणि न्यायाच्या कल्पनेपर्यंत पोहोचते. जॉन रॉल्सचा १९७१ सालचा न्यायविचारही अर्थशास्त्रज्ञांनी गांभीर्याने घेतला, कारण अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा या त्यांच्याच प्रश्नाची चौकट त्याने वापरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून देतो. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पण तिथे त्यांनी जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञानही शिकले, आणि लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे हा विचार त्यांनी जातिव्यवस्थेच्या चिकित्सेत ज्या ताकदीने वापरला तो गुरूच्या विचाराची पुनरुक्ती नव्हती. एका शास्त्रातली पक्की बैठक आणि दुसऱ्यातली मूलभूत दृष्टी एकत्र आली की काय घडते, ते तिथे दिसते.

भौतिकशास्त्राबद्दल थोडक्यात: तरुण आइन्स्टाइनने मित्रांबरोबर ह्यूम आणि माख वाचले होते आणि १९०५ सालच्या सापेक्षतेच्या विचाराला त्या वाचनाची मदत झाली असे त्याने स्वतः नमूद केले आहे, पण आज भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानात काही करायचे असेल तर रेषीय बीजगणित आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) यांना पर्याय नाही. साहित्य आणि इतिहास यांचीही जोड उत्तम ठरते, विशेषतः ज्यांना ग्रंथ मूळ भाषेत वाचायचे आहेत त्यांच्यासाठी. संस्कृत, पाली किंवा ग्रीक यांपैकी एखादी भाषा शिकणे हाही जोडीच्या शास्त्राइतकाच गंभीर पर्याय मानावा.

मात्र जोडीच्या विषयावर मी इतका भर देतो म्हणून तत्त्वज्ञान हे कोणत्या तरी दुसऱ्या विषयाचे साहाय्यक शास्त्र आहे असे समजू नका. त्याची स्वतःची शिस्त आहे आणि ती शिकायला वेळ लागतो. पहिली गोष्ट वाचनाची. दिवसाला दहा पाने वाचणे तत्त्वज्ञानात पुष्कळ झाले, आणि कधी दोनच पाने पुरतात. एडमंड गेटियरचा १९६३ सालचा निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. सत्य आणि समर्थनीय असलेला विश्वास म्हणजे ज्ञान, ही व्याख्या पुरेशी नाही हे त्याने दोन उदाहरणांनी दाखवले आणि त्यावरची चर्चा अजून संपलेली नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने जवळपास हीच अडचण मांडली होती: मुठीत किती कवड्या आहेत असे विचारल्यावर एखाद्याने नुसत्या अंदाजाने अचूक आकडा सांगितला, तर त्याला ते ज्ञान होते असे म्हणायचे का? ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून ती कुठे जुळतात आणि कुठे वेगळी पडतात हे शोधणे, हा पहिल्या वर्षासाठी फार चांगला सराव आहे. भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन स्वतंत्र कप्प्यांत तत्त्वज्ञान शिकू नये, प्रश्नांनुसार शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट लेखनाची. कोणताही उतारा वाचला की लेखकाचा निष्कर्ष काय, तो कोणत्या आधारविधानांवर उभा आहे आणि त्यांतले कोणते न सांगता गृहीत धरले आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. मग पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, असा मांडा की त्या मताच्या माणसाने वाचल्यावर 'माझे म्हणणे हेच आहे' असे म्हणावे; तोवर उत्तरपक्षाला हात घालू नका. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी वितंडा. पदवीच्या पहिल्या वर्षात हुशार मुले वितंडेत पटकन तरबेज होतात आणि तिलाच तत्त्वज्ञान समजतात. एखादे मत स्वतः स्वीकारून, त्यावरचे आक्षेप झेलून ते जबाबदारीने टिकवून धरणे अधिक कठीण आहे, आणि शिकायचे ते हेच आहे.

पुढे उपजीविकेचे काय, हाही तुमच्या प्रश्नातला न लिहिलेला भाग असावा, म्हणून स्पष्ट लिहितो. केवळ या पदवीने थेट मिळणारा असा एखादा ठरलेला व्यवसाय नाही, आणि अध्यापन-संशोधनाची वाट लांब असून तिथल्या जागा कमी असतात. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी पुढे कायदा, पत्रकारिता, प्रशासन, प्रकाशन, संगणक क्षेत्र आणि धोरणविषयक संशोधन अशा ठिकाणी जातात. तिथे त्यांना उपयोगी पडते ते क्लिष्ट मजकूर अचूक वाचण्याचे, प्रश्न नेमका मांडण्याचे आणि स्पष्ट लिहिण्याचे कौशल्य. जोडीच्या शास्त्रातले पक्के ज्ञान असेल तर हे कौशल्य इतरांना लगेच दिसते. नसेल तर ते सिद्ध करायला अधिक काळ लागतो. घरच्यांना समजावून सांगायचे झाले तर हेच सांगावे. तत्त्वज्ञान काहीही साध्य करून देते असे मोठे दावे करू नयेत.

जोडीचा विषय निवडताना तुम्हाला सतावणारा तात्त्विक प्रश्न कोणता, हे आधी पाहा आणि तो प्रश्न ज्या शास्त्रात रोजच्या कामात उभा राहतो ते शास्त्र घ्या. मन आणि शरीर यांचा संबंध डोक्यातून जात नसेल तर मानसशास्त्र किंवा मेंदूविज्ञान, समतेचा प्रश्न असेल तर अर्थशास्त्र किंवा कायदा, सत्य आणि सिद्धता यांचा असेल तर गणित. असा एकही प्रश्न अजून मनात घर करून बसला नसेल, तर पहिल्या वर्षी तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा आणि नीतिशास्त्र एवढेच नीट करा, सोबत संख्याशास्त्राचा एक प्राथमिक अभ्यासक्रम घ्या, कारण तो जवळजवळ कोणत्याही जोडीला चालतो, आणि निवड दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत खुली ठेवा. त्यानंतर मात्र विषय बदलत राहू नका. तिसऱ्या वर्षाचा प्रबंध दोन्ही विषयांच्या सीमेवरच्या एका लहान, नेमक्या प्रश्नावर लिहा आणि त्याचा मसुदा दोन्ही विभागांतल्या एकेका शिक्षकाला स्वतंत्रपणे वाचायला द्या; जोडीच्या शास्त्राच्या शिक्षकाने त्यातल्या तपशिलाच्या चुका दाखवल्या तर त्या दुरुस्त करण्यासाठी निदान एक महिना हाताशी ठेवा.